जलनाथाचा टिळा आणि टाकीचं टोपण

होडी भर पाण्यात बंद पडली तेव्हा आतल्या पंधरा माणसांनी एकदम हात जोडले. काठावर उभ्या असलेल्यांनीही जोडले. कारण धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळ नेमकं तिथंच पाण्याखाली होतं, आणि गेला महिनाभर मोटार रोज तिथंच बंद पडत होती.

जलनाथ महाराज पुढच्या फळीवरून उठले. हे महाराज महिन्यापूर्वी गावात उगवले होते आणि तेव्हापासून त्यांच्याशिवाय होडी हलत नव्हती.

"आई जलवंतीऽऽ! लेकरं चुकली, वाट दे माय!" असं ओरडत त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं टोपण फिरवलं. आतून 'सुस्स' असा आवाज आला.

"ऐकलं? देवीनं राग सोडला!"

त्यांनी टाकीत तीन फुंकरा मारल्या, टोपण लावलं आणि त्यावर शेंदराचा जाडजूड टिळा थापला. होडीवाल्या भीमाशंकरने दोरी ओढली. मोटार धडधडली. एकच जयजयकार झाला.

लसीचा डबा मांडीवर घेतलेल्या बुद्धप्रिया सिस्टरने मात्र हात जोडले नव्हते. तिची नजर टाकीवर होती. प्लास्टिकची ती टाकी मोटार बंद पडताना दोन्ही बाजूंनी पोट खपाटीला गेल्यासारखी आत ओढली गेली होती, आणि 'सुस्स' झाल्याबरोबर पुन्हा फुगली. असं काहीतरी आपण कालच पाहिलंय, हे तिला आठवत होतं. कुठं, ते मात्र आठवेना.

गावात पोचल्यावर ती आधी नीलम्माकडे गेली. नीलम्माला नववा महिना लागला होता. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, आणि बीपी एकशे साठवर. सिस्टरने फोन करून पलीकडच्या काठावर १०८ची रुग्णवाहिका बोलावली. वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला होता, त्यामुळे होडीशिवाय वाट नव्हती.

"होडीत न्हाई," सासरा सिद्रामप्पा म्हणाला. त्याचं गावात किराणा दुकान होतं आणि शब्दाला वजन होतं. "महाराजांनी बजावलंय. गर्भार बाई देवळावरून नेली तर आई होडी उलटी करंल."

"मामंजी, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली," नीलम्मा भिंतीला धरून म्हणाली. "म्या जाते."

तिचा हात धरताना सिस्टरला एकदम आठवलं. सलाईन! काल एका म्हाताऱ्याला लावलेली बाटली अशीच आत ओढली जाऊन थेंब सोडेना, म्हणून तिने वरून दुसरी सुई टोचली होती. हवा आत गेली आणि सलाईन चालू झालं होतं.

नीलम्माला घेऊन सगळे काठावर आले तोवर अर्धं गाव जमलं होतं. महाराज होडीपुढे आडवे उभे होते.

"बाई, दोन जिवांचं पाप घेशील!"

सिस्टरने डब्यातून सुई काढली आणि टोपणावरचा शेंदूर खरवडायला लागली.

"आवं, देवीचा टिळा हाय त्यो!" भीमाशंकर ओरडला.

"टिळा राहू द्या. त्याच्याखालचं भोक मोकळं करते. सिद्रामप्पा, तेलाच्या डब्याला किती भोकं पाडता?"

"दोन."

"दुसरं कशाला?"

"हवा आत जायाला. न्हाईतर तेल धड पडत न्हाई." सिद्रामप्पाने बोलता बोलता टाकीकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "बसम्मा, सुनेला हात दे. चढव होडीत."

महाराजही घाईघाईने चढले. होडी निघाली. देऊळ जवळ आलं तसे सगळ्यांनी हात जोडले. महाराजांनी शेंदराची डबी काढली, "टिळा अपुरा ऱ्हायला, कोप होईल," म्हणत हात पुढे केला. सिस्टरने टोपणाभोवती दोन्ही हातांचं कडं केलं. मोटार धडधडत राहिली. देऊळ मागे गेलं.

"देवी परगावी गेली जणू," कुणीतरी मागून म्हणालं, आणि नीलम्मासुद्धा हसली.

पलीकडे रुग्णवाहिकेचा चालक उभा होता. महाराजांना पाहताच म्हणाला, "अरे मडिवाळप्पा! तू इथं? चाकूरात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं, टोपणांची भोकं मोकळी करायचं सोडलंस का?"

महाराज कुणाला कळायच्या आत बाभळीआड गेले, ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा पेढे घेऊन होडीने परत निघाला, सोबत सिस्टरही होती. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते. होडी निम्म्या वाटेवर आल्यावर, देऊळ बरंच मागे पडल्यावर, त्याने टोपणाच्या भोकावर अंगठा दाबला. काही मिनिटं गेली; पलीकडच्या काठावर पेट्रोल भरून निघालं की देवळापर्यंत यायलाही रोज एवढीच मिनिटं लागायची. टाकी आत ओढली गेली, मोटार गुरगुरली आणि थांबली. त्याने अंगठा उचलला. 'सुस्स'!

"सिस्टरबाई," तो म्हणाला, "हितं तर देऊळबी न्हाई. माझा अंगठा जे करतोय त्याला भिऊन म्या सुनेला घरातच मरू देत होतो."

त्याचे डोळे भरले होते. सिस्टरने त्याला पाणी दिलं आणि भीमाशंकरकडे वळली.

"दादा, या जुन्या मोटारीला तुम्ही हळद लावली, कुंकू लावलं, लिंबू बांधलं. पेट्रोलशेजारी उदबत्तीसुद्धा पेटवता, ती आधी बंद करा! पण प्लग शेवटचा कधी पुसला?"

"दोन सालं झाली असतील," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग आता दर महिन्याला प्लग काढून घासा. पेट्रोलची गाळणी धुवा. खाली पाण्यातल्या पंख्याजवळच्या गिअरचं तेल बघा, दुधासारखं पांढरं झालं असेल तर आत पाणी शिरलंय, बदला. आणि टोपणाचं भोक रोज बघा."

मंडळी, देवीला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण यंत्र बंद पडलं की आधी यंत्र उघडा, आणि माणूस आजारी पडलं की आधी दवाखाना गाठा. कुणी आडवं आलं तर विचारा, का म्हणून? तेवढं विचारायला उशीर झाला असता, तर त्या घरात आज पेढे वाटले गेले नसते.