एकशे वीस वॅट

बॉस्कोच्या ज्या पोस्टकार्डाला वर्तक सरांनी उत्तर दिलं नाही, त्याच्या शेवटी लिहिलं होतं, 'घाई नाही सर, सवडीने कळवा.'

सर आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवत, तेव्हा भर वर्गात कुणी शंका विचारली की त्यांची जीभ अडायची. म्हणून त्यांनी रीत घालून दिली होती. शंका पोस्टकार्डावर लिहा, मी लाल शाईने सोडवून पाठवीन. पुढे मोबाईल आले, सर निवृत्त होऊन नौपाड्यातल्या घरी पुस्तकांत बुडाले. ती रीत एकट्या बॉस्कोने सोडली नाही.

दोन वर्षांपूर्वीचं ते कार्ड. दिवा स्टेशनजवळ बॉस्को जिथे विजेचं काम बघायचा, त्या सगुणाबाईंच्या खोलीत गिझर चालू असताना मीटरपाशी २२८ व्होल्ट मिळतात, गिझरच्या सॉकेटला २१६. करंट दहा अँपिअर. वायर जाड, जेमतेम तीस फूट. दिवा भागात व्होल्टेज पडतंच, तसंच हे समजून सोडून द्यावं का, असं त्याने विचारलं होतं.

सरांनी कार्डाच्या कडेलाच गणित मांडलं. वाटेत बारा व्होल्ट हरवतात. बारा भागिले दहा, म्हणजे रोध १.२ ओहम. एवढ्याशा वायरीचा रोध त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नसतो. कुठलातरी जोड सैल आहे. बारा गुणिले दहा, एकशे वीस वॅट, आणि ती सगळी उष्णता भिंतीतल्या चिमूटभर जागेत. लाईन बंद कर, जोड शोध. उत्तर एवढंच होतं.

मग त्यांना वाटलं, त्याचा मीटरच चुकत असला तर? दोन्ही मापं एकाच वेळी घेतली असतील का? त्यांनी पुस्तकं काढली, तीन कच्चे मसुदे केले, तिन्ही फाडले. नवव्या दिवशी दुपारी सगुणाबाई गिझर लावून जरा आडव्या झाल्या. खाटेमागचा जोड पेटला, त्यावरून गादी. धुरातून त्यांना उठताच आलं नाही.

सरांनी कार्ड पुस्तकात घातलं आणि पुस्तक फळीवर मागे सरकवलं.

परवा बॉस्कोची बायको डोरोथी आली. बॉस्को आता खडवलीला बहिणीच्या शेतावर असतो, पक्कड हातात धरत नाही, घरातलं बटणसुद्धा दुसऱ्याला दाबायला सांगतो, असं ती सांगत होती. सर चहाच्या कपाकडे बघत राहिले. आता ती विचारणार, उत्तर का दिलं नाही म्हणून.

तिने तसं विचारलंच नाही.

"ते म्हणतात, माझा प्रश्नच एवढा खुळा होता की सरांनी उत्तर पण दिलं नाही," ती म्हणाली. "एवढं साधं ज्याला कळत नाही, त्याने लायनीला हात कशाला लावायचा? तुम्ही लिहा ना सर त्यांना, प्रश्न बरोबर होता का."

ती गेल्यावर सरांनी जुनं कार्ड काढलं. बॉस्कोच्या प्रश्नावर लाल शाईने बरोबरची खूण केली. मग कोरं पोस्टकार्ड घेतलं. पाकीट शेजारीच पडलं होतं, ते घेतलं नाही. १.२ ओहम, १२० वॅट, सगळं मांडून खाली लिहिलं, 'तुझा प्रश्न अचूक होता. उत्तर मला त्याच दिवशी माहीत होतं. मी पाठवलं नाही. सगुणाबाई माझ्यामुळे गेल्या.'

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. एकदा खोडलं की मसुदे सुरू होतात, हे त्यांना ठाऊक होतं. जुन्या कार्डावरच्या आपल्या पत्त्यावर कागद चिकटवला, नवं तिकीट लावलं आणि दोन्हींवर बॉस्कोचा खडवलीचा पत्ता घातला. चष्मा तसाच टेबलावर ठेवून ते खाली उतरले आणि दोन्ही कार्डं टपालपेटीत टाकली.