नोंदीत नसलेला प्रश्न

कंपनीच्या माहिती-सुरक्षा प्रमुखाला त्या सकाळी त्याच्याच यंत्रणेने अडवले. पडद्यावर एवढेच आले: ‘हे खाते वापरणारी व्यक्ती नेहमीची वाटत नाही.’

नुसत्या पासवर्डवर विसंबण्याचे दिवस सरले होते. आता यंत्रणा माणसाची सवय शिके: बोटे किती वेगाने चालतात, कुठे थबकतात, काम कोणत्या वेळी सुरू होते. बायको गेल्यापासून तो पहाटेच कामाला बसे आणि अर्धे वाक्य लिहून बोटे तशीच ठेवून राही. महिनोन्महिने साचलेला हा फरक आज मर्यादेपलीकडे गेला होता. यंत्रणेचे निरीक्षण अचूक होते. चुकला होता तो निष्कर्ष, आणि तोही कितपत, याची त्याला खात्री नव्हती.

यावरचा उपाय त्यानेच घालून दिला होता. हल्ली चेहरा आणि आवाज दोन्ही हुबेहूब रचता येतात. म्हणून एखाद्या सहकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर असा प्रश्न विचारायचा, ज्याचे उत्तर दोघांनाच ठाऊक आहे आणि कंपनीच्या कोणत्याही नोंदीत नाही. ओळख पटली नाही तर खाते बंद आणि चौकशी. ती संपेपर्यंत काम नाही. घर आधीच खायला उठत होते. दिवसभर त्याला कोणी हाक मारत असेल, तर ते कामच.

यंत्रणेने हिशेब विभागाच्या प्रमुख बाईंना जोडून दिले.

“बोला साहेब,” त्या हसल्या. “आज पोलिसालाच कोठडी?”

“विचारा, मॅडम. नियमाप्रमाणे.”

“माझा अर्ज तीनदा परत पाठवलात, तो कशापायी?”

“ते नोंदीत आहे. चोरालाही सापडेल.”

“बरं. चहात साखर किती घेता?” त्या थबकल्या. “पण हे मला तरी कुठं माहितीये! अहो, सात वर्षं बरोबर काम करतोय आपण. तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत कधी. सरळ ‘ओळख पटली’ दाबू का? तोंड तर तुमचंच दिसतंय.”

मोह झाला. “तोंड कोणीही बनवतं,” तो म्हणाला. “दाबू नका.”

“सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुमचा!”

त्याने कीबोर्डवरची बोटे उचलली. मग म्हणाला, “माझी बायको गेली. चार महिने झाले. ऑफिसात कोणाला बोललो नाही. रजेच्या अर्जात लिहिलं, खासगी कारण.”

बाईंनी चष्मा काढला. “हे तेव्हाच सांगितलं असतंत,” त्या हळू म्हणाल्या, “तर आज मी हेच विचारलं असतं ना हो.”

तर्क निर्दोष होता. समोरच्याला आधी ठाऊक नसलेली गोष्ट सांगून कोणाचीच ओळख सिद्ध होत नाही. असे दुःख तर कोणताही भामटा रचील.

“मग काय करू मी आता?”

“‘पटली नाही’ दाबा. खरं तेच आहे.”

त्यांनी बटण दाबले आणि लगेच पुढे झुकून त्या काहीतरी बोलू लागल्या. आवाज आधी गेला, मग ओठ हलतानाचा चेहरा. ओळख न पटलेल्या व्यक्तीशी संभाषण तत्काळ तोडावे, हे कलमही त्यानेच घातले होते.

त्याने मोबाइल उचलला. बाईंचा नंबर कंपनीच्या यादीत होता, आणि यादी त्या बंद खात्यात. स्वतःचा नंबर त्याने सुरक्षेपोटी त्या यादीत कधी घातलाच नव्हता; तो त्यांच्याकडे असण्याचे एकही कारण त्याला सापडेना. तरी मोबाइल त्याने खाली ठेवला नाही.