शूटिंगमामांचा उजवा खांदा

मी जुना झालो आहे, हे मला कुणी सांगायला नको, मित्रांनो. कॅसेटवर चालणारा, खांद्यावर घेऊन वापरायचा व्हिडिओ कॅमेरा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाही नसेल. पाहिला असेल तर कुणाच्या तरी अडगळीत. मीही सध्या स्टुडिओतल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. एका बाजूला मोडका स्टँड आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या खोक्यांची चवड. कपाटाचे दार नीट लागत नाही, म्हणून फटीतून समोरचे टेबल मला दिसते. त्या टेबलावर तो बसलेला असतो. तो म्हणजे नवा कॅमेरा. त्याच्याबद्दल मी दोन शब्द चांगले बोलेन, अशी आशा धरू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या डोळ्याची काच बसवली आणि ती फुंकर घालून पाहिली. तिथून मी एका दुकानात आलो. तिथे एक तरुण माणूस मला पाहायला पुन्हा पुन्हा यायचा आणि नुसताच बघून जायचा. शेवटी एक दिवस त्याने मला उजव्या खांद्यावर घेतले आणि तो उतरवून ठेवायलाच तयार होईना.

"खांदा दुखेल हो तुमचा," दुकानदार म्हणाला.

"दुखू दे की. माझाच आहे," तो म्हणाला.

तेच आमचे मामा. पुढे सगळी गल्ली त्यांना शूटिंगमामा म्हणू लागली. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली उतरला, तो माझ्यामुळे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. बायको, मुलगी, भाचा अशी माणसे त्यांना होती, पण कुणासाठी त्यांचा खांदा उतरला नव्हता.

मित्रांनो, लग्नाचे शूटिंग म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. मामा लग्नाआधी त्या घरी जाऊन बसायचे. मला मांडीवर घ्यायचे आणि विचारायचे, "कोणकोणते क्षण हवेत ते आत्ताच ठरवू. त्या दिवशी मी कुणाला पुन्हा करा म्हणणार नाही." मग घरात एकच गलका व्हायचा. नवरी आत येते तो क्षण हवा, सह्या करतात तो हवा, मोठ्या काकांचे भाषण हवे, नको, ते भाषण अजिबात नको! मामा सगळे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "तुमच्या घरात सगळ्यांत कमी कोण बोलतं?" बडबडी माणसे आपण होऊन कॅमेऱ्यासमोर येतात, गप्प माणसांना शोधावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मग आम्ही दोघे त्या गप्प माणसावर नजर ठेवायचो. कुणाची आत्या खांबाआड डोळे पुसत असायची, कुणाचा भाऊ उगाचच खुर्च्या सरळ करत असायचा. ते आम्ही टिपायचो. लोक नंतर स्टुडिओत येऊन मामांचा हात हातात घ्यायचे. माझ्याकडे कुणी बघायचे नाही, पण मामा माझ्या अंगावर थोपटायचे, आणि मला तेवढे पुरायचे.

मग तो आला. मामांच्या भाच्याने त्याला आणले. भाचा चांगला मोठा बाप्या आहे, पण घरातसुद्धा गॉगल कपाळावर चढवून असतो, म्हणून त्याला सगळे गॉगलच म्हणतात. नव्या कॅमेऱ्याचे लाड बघवत नव्हते. त्याला मऊ अस्तराची बॅग. त्याला पुसायला वेगळे फडके. माझ्या वाट्याला जुन्या बनियनचा तुकडा आला होता. पण तो मामांच्या बनियनचा होता, हे लक्षात ठेवा! गॉगल सारखा सांगायचा, "मामा, हा अंधारातही बघतो." अंधारात बघायला तो काय मांजर आहे? आकाराने तर इतका लहान, की खांद्यावर ठेवला तर घसरून पडेल. असे मी मनातल्या मनात म्हणत राहिलो आणि एका दुपारी मामांनी त्याला हातात घेतले, त्यातून बाहेर पाहिले आणि म्हणाले, "वा!"

तो एक शब्द माझ्या जिव्हारी लागला. त्यानंतर मला फळीवर ठेवले गेले.

तरी मी एका आशेवर होतो. मामांच्या मुलीचे लग्न अजून व्हायचे होते. तिचे रांगणे मी टिपले, पडलेले दात दाखवत हसणे मी टिपले, शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती तेही मीच टिपले. तिच्या लग्नावर हक्क माझा होता. दुसऱ्या कुणाचा असणार?

लग्न ठरले आणि सगळे टेबलाभोवती जमले. मामा, मामी, मुलगी आणि गॉगल. मी फटीला डोळा लावून बसलो. मुलीने एकेक क्षण सांगायला सुरुवात केली. गॉगलने मामांच्या थाटात विचारले, "आपल्या घरात सगळ्यांत कमी कोण बोलतं?" सगळ्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी मामींकडे पाहिले, आणि मामींसकट सगळे हसत सुटले, कारण मामींची टकळी आल्यापासून थांबली नव्हती.

"आणि बाबा," मुलगी म्हणाली, "शूटिंग गॉगलदादा करणार. तुम्ही करायचं नाही."

हसणे थांबले. मामांनी विचारले, "मग मी काय करू?"

"लग्नाला या."

"अगं, पण मला नुसतं उभं राहता येत नाही. हातांचं काय करू?"

"पाहुण्यांना हवं-नको विचारा," मामी म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकदा तरी माणसांत वावरा."

मुलगी दारात येईल, मामा तिला घ्यायला जातील आणि दोघे मिळून आत येतील, हा मुख्य क्षण असे ठरले. मामांनी मान डोलावली. टेबलावर तो चकचकीत नवा ऐटीत बसला होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पण मामा माझेच! लग्नाच्या सकाळी स्टुडिओत कुणी नसताना ते स्टुलावर चढले. त्यांनी मला खाली घेतले, धूळ झटकली, खणात उरलेली एक कोरी कॅसेट माझ्यात घातली. बॅटरीत अजून जीव आहे का ते पाहिले. होता. मी टेबलाकडे पाहिले आणि मनात म्हणालो, बघ, बघ नीट!

हॉलवर त्यांनी मला कोटाखाली झाकून नेले आणि मागच्या रांगेतल्या खुर्चीखाली सरकवले. पाहुणे आले, दिवे लागले. दार उघडले आणि मुलगी दारात उभी राहिली. गॉगल त्या नव्याला घेऊन तयारीत होता. सगळे मामांची वाट पाहू लागले. मामा कुठे होते? मामा मला खांद्यावर घेऊन मागच्या खांबाला टेकले होते. आणि गेली कित्येक वर्षे प्रत्येक नवरीला सांगायचे तेच त्यांच्या तोंडून मोठ्याने निघून गेले.

"ताई, जरा हळू या. मान वर ठेवा. इकडे बघू नका, मी इथे नाहीच असं समजा."

पोटच्या मुलीला ताई म्हणाले! हॉलमध्ये हशा पिकला. मामींनी कपाळाला हात लावला. मुलगी मात्र हसली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही इथे नाही, असं मला नाही समजता येत."

ती सरळ आमच्यापाशी आली. तिने दोन्ही हातांनी मला मामांच्या खांद्यावरून उचलले आणि खुर्चीत ठेवले. माझे तोंड खुर्चीच्या पाठीकडे झाले. माझ्या मागे कुणीतरी हुंदके देऊन रडू लागले. कॅसेट फिरत राहिली आणि मी खुर्चीचे कापड टिपत राहिलो.

काही दिवसांनी स्टुडिओतल्या पडद्यावर त्या नव्याने टिपलेले लग्न लागले. मला पुन्हा फळीवर ठेवले होते. फटीतून मला पडद्यावर एक म्हातारा दिसला. त्याचे ओठ थरथरत होते, नाक लाल झाले होते आणि लेकीचा हात धरून तो लहान मुलासारखा रडत होता. तो कोण आहे हे कळायला मला वेळ लागला.

"अहो, एवढ्या सगळ्या कॅसेटींत तुम्ही कुठेच नाही," मामी हलक्या आवाजात म्हणाल्या. "नुसता आवाज तेवढा येतो."

खरे होते ते. किती लेकींचे निरोप आम्ही टिपले, मित्रांनो. त्या वेळी मामांचा गाल माझ्या अंगाला चिकटलेला असायचा, कधीकधी ओलाही लागायचा. पण तो चेहरा माझ्या शेजारी होता, समोर कधीच नव्हता. तो त्या नव्याला मिळाला. काल आलेल्याला! मला त्याचा हेवा वाटतो, आधी वाटत होता त्याहून जास्त वाटतो.

तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांचे फोटो काढत असेल. एकदा त्याच्या हातातून कॅमेरा काढून घ्या. तो नको म्हणेल, ऐकू नका. हे मी मन मोठे झाले म्हणून सांगतो आहे असे समजू नका. मामांनी उद्या मला पुन्हा उचलले, तर मी आनंदाने त्यांच्या खांद्यावरच जाऊन बसणार आहे. तेव्हा मला कुणीतरी खाली उतरवा.