वरच्या खुणेच्याही वर

चढ सुरू झाला आणि बेडकीला धाप लागली.

बाबांनी गिअर खाली घेतला, पाय दाबला. इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी काही ओढेना. मागून आलेला टेम्पो हॉर्न मारत कडेने निघून गेला आणि जाताजाता त्यातल्या माणसाने खाली वाकून बघितलं. बेडकीकडे सगळेच खाली वाकून बघत. दोन सीटची, लाल, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार. दिवे लावले की बॉनेटमधून दोन डोळे वर यायचे, म्हणून लेकीने लहानपणी तिला बेडकी म्हटलं. आता लेकीची स्वतःची मुलगी शाळेत जात होती, तरी नाव तेच राहिलं होतं.

"उतरून ढकलू का?" लेक म्हणाली.

"तू उतरलीस तरी पुरे. निम्मं वजन तुझंच आहे."

"आणि निम्मं तुमच्या हट्टाचं."

बाबा हसले नाहीत. सडक्या अंड्यासारखा वास काचेतून आत येत होता. लेकीने काच वर केली, पुन्हा खाली केली. तिचं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. ती बाबांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते किती बारीक होतात, समोरचा खड्डा त्यांना कधी दिसतो, हेच गेले कित्येक रविवार ती बघत आली होती.

बाबा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावायचं आणि तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्याने उचलायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. पण अलीकडे दोनदा त्यांनी असा स्क्रू हातातून सोडला आणि तो शोधायला लेकीला खाली बसवलं. फाटकाच्या खांबाला गाडीचा आरसा घासला. दुकानात आलेली घड्याळं "वेळ नाही" म्हणून परत द्यायला लागले. समोर दुसरं गिऱ्हाईक नाही आणि म्हणे वेळ नाही.

"त्यांना गाडी सोडायला सांग," आई तिला म्हणाली होती. "माझं ऐकायचे नाहीत. मी गेली चाळीस वर्षं बोलतेय, त्यांना तो पंख्याचा आवाज वाटतो. तुझं ऐकतील."

लेकीला ते सांगवत नव्हतं. त्याऐवजी तिने भलतंच केलं होतं. रविवारचा फेरफटका झाला की बाबा तिच्या घरी चहाला थांबत. ते आत नातीशी बोलत बसले की लेक किल्ली उचलून बाहेर जाई आणि बॉनेट उघडे. इंजिनातलं तेल बघायची एक लांब पट्टी असते. ती ओढून काढायची, पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये हवं. लेक बघे तेव्हा तेल खालच्या खुणेशी असे. बाबांना पट्टी दिसत नाही, हे तिने ओळखलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची, मापून देण्यात तिचा हात पक्का. अडगळीतल्या बाटलीतून ती मापून तेल ओतायची, हात धुवायची आणि आत येऊन विचारायची, "आणखी चहा?"

गाडी रांगत गॅरेजपर्यंत पोचली. गॅरेजवाली कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत बाहेर आली.

"काका, आज बेडकीला चालत आणलंत?"

"चढावर जीव सोडतेय. आणि वास मारतेय."

"वास मलाही आला. म्हटलं ताईंनी डब्यात अंडी आणली की काय."

तिने गाडी वर उचलली आणि खाली शिरून रबरी हातोडीने एका डब्यावर टकटक केलं. आतून खडखड आवाज आला, डब्यात खडे भरल्यासारखा.

"कन्व्हर्टर," ती म्हणाली. "गेला."

हा डबा इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी, बारीक बारीक भोकांची वीट. इंजिनातला विषारी धूर त्या भोकांतून जातो आणि बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. भोकं बुजली की धुराला वाट राहत नाही. तोंडावर उशी दाबलेला माणूस जसा चढ चढू शकत नाही, तशीच गाडीही.

"नवा टाकू," गॅरेजवाली म्हणाली. "जुनी गाडी आहे, कधीतरी जायचाच होता."

"कधीतरी म्हणजे कारण नव्हे," बाबा म्हणाले. "बंद घड्याळ घेऊन माणूस आला की मी त्याला म्हणत नाही, कधीतरी बंद पडायचंच होतं. का पडलं ते बघतो. हा कशाने गेला?"

"काका, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून फार त्रासाचे."

"माझी बायकोही हेच म्हणते."

डबा तापलेला होता. तो निवेपर्यंत हात लावता येईना. बाबा लाकडी बाकावर बसले. लेक बसली, उठली, टायरच्या चळतीपर्यंत गेली, परत आली. तिने फोन काढला. आईचा निरोप होता: 'बोललीस का?' तिने फोन खिशात टाकला. नखाने बाकाची पोपडी सोलू लागली.

"ठमे, ते बाक त्यांचं आहे," बाबा म्हणाले. "घरी जाऊन आपलं सोल."

शेवटी डबा सुटून खाली आला. गॅरेजवालीने एका टोकाला टॉर्च धरला आणि दुसऱ्या टोकातून बघितलं. "यातून उजेड दिसायला हवा. बघा."

बाबांनी बघितलं. मग लेकीने बघितलं. वीट एका बाजूने फुटली होती आणि उरलेल्या भोकांत काळं, चिकट काहीतरी घट्ट बसलं होतं.

गॅरेजवालीने त्याला बोट लावलं, वास घेतला. तिचा चेहरा बदलला. तिने गाडी खाली उतरवली, बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. बराच वेळ ती पट्टीकडेच बघत राहिली.

"काका, तेल तुम्ही टाकलंत?"

"बदललं तेव्हा. त्यानंतर नाही."

"हे बघा कुठे आलंय. वरच्या खुणेच्याही वर. एवढं तेल झालं की इंजिन ते अंडं फेटल्यासारखं फेटतं. मग ते नको तिथे शिरतं, जळतं, आणि त्याची काजळी जाऊन बसते कन्व्हर्टरमध्ये. नवा टाकला आणि हे असंच चाललं, तर तोही मरेल."

"तेल आपोआप वाढतं का?"

"पेट्रोल मिसळलं तर वाढतं. पण पेट्रोलचा वास नाही. हे नुसतं तेल आहे. कोणीतरी ओतलंय."

लेकीने बाबांकडे बघितलं. बाबा पट्टीकडे बघत होते, डोळे बारीक करून.

"मग बदलताना मीच जास्त टाकलं असेल," बाबा हळूच म्हणाले. "रेघ दिसली नसेल मला."

"काका, होतं असं कधी..."

"नाही. असं व्हायला नको." त्यांनी खिशातून किल्ली काढून गॅरेजवालीच्या हातावर ठेवली. "नवा डबा नको टाकू. कोणी घेणारा असेल तर बघ. हिची नीट काळजी घेईल असा. तरुण डोळ्यांचा."

आईला हवं होतं ते झालं होतं. लेकीलाही हवं होतंच. तिने एक शब्द उच्चारला नव्हता, वाद घातला नव्हता, आणि किल्ली बाबांच्या खिशातून गेली होती. आता नुसतं गप्प राहायचं होतं. ती गप्प राहिली.

ती दोघं चालत बाबांच्या दुकानाकडे निघाली. बाबा कडेने, फुटपाथचा काठ पायाने चाचपत चालत होते. सकाळपर्यंत ते असे चालत नव्हते. चौकात सिग्नल हिरवा झाला तरी ते उभेच राहिले आणि म्हणाले, "जाऊया ना? हिरवाच आहे ना तो?"

"हिरवाच आहे, बाबा."

"बघ हो नीट."

तिने त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, आणि तेच तिला सहन होईना.

दुकानात आल्यावर बाबांनी दिवा लावला, ड्रॉवर उघडला आणि आतली घड्याळं एकेक काढून कागदी पाकिटांत घालू लागले. प्रत्येक पाकिटावर नाव लिहायचं, तोंड दुमडायचं. मग त्यांनी भिंग उचललं, त्याच्या काचेवर फुंकर मारली, ते मऊ फडक्यात गुंडाळलं आणि तेही एका पाकिटात घातलं. त्या पाकिटावर काय लिहावं ते त्यांना सुचेना. पेन तसंच हातात राहिलं.

लेक दारापाशी गेली, परत आली. काउंटरवरची पाकिटं उगाच सारखी केली. पुन्हा दारापाशी गेली.

"ठमे, एका जागी उभी राहा. मला गरगरतंय."

"ते तेल मी ओतलं," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

"दर रविवारी. तुम्ही आत चहा घ्यायचात तेव्हा. मला पट्टीवर तेल कमी दिसायचं. मला वाटलं तुम्हाला दिसत नाही, आणि विचारलं तर तुम्हाला वाईट वाटेल. मघाशी मी तिथे बोलायला हवं होतं. बोलले नाही. आई म्हणत होती तुम्ही गाडी सोडावी. मलाही वाटत होतं. म्हटलं, झालंच आहे तर होऊ दे."

रागावले की ते चष्मा काढत. त्यांनी चष्मा काढला.

"कुठे बघायचीस तेल?"

"घरासमोर."

"तुझ्या घरासमोर चढ आहे. गाडीचं तोंड वर असतं." त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून तिरका धरला. "या काठाला बघ पाणी कुठे आहे. आता त्या काठाला बघ. पाणी तेवढंच आहे ना? तेल असं मागे जातं आणि पट्टी आहे पुढे. शिवाय गाडी नुकती थांबलेली. निम्मं तेल अजून वरच, इंजिनात. ते खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. सकाळी, थंड असताना, सपाट जागेवर बघायचं असतं. एवढी औषधं मोजतेस, बाटली वाकडी धरून मोजतेस का?"

"नाही."

"मग?"

बाबांनी पेला खाली ठेवला. थोडं पाणी पाकिटांवर सांडलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"मी रोज सकाळी बघायचो," ते म्हणाले. "मला दिसत होतं. वरच्या खुणेच्याही वर. म्हटलं, मी टाकलं नाही, तर तेल वाढेल कसं? वाढणार नाही. म्हणजे डोळेच खोटं सांगतायत. पुन्हा पुसून बघायचो, पुन्हा तेच. ज्याला एवढी जाडजूड खूण कळत नाही, त्याने लोकांची घड्याळं कशी उघडायची? म्हणून परत द्यायला लागलो."

लेक स्टुलावर बसली. तिने घड्याळं परत जाताना बघितली होती. ती बघून बाबांना दिसत नाही अशी तिची खात्री पटली होती. खात्री पटली म्हणून ती आणखी ओतत गेली होती.

"मला का नाही विचारलंत?" तिने विचारलं.

"तू का नाही विचारलंस?"

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"स्क्रू दोनदा पडला," लेक म्हणाली. आता सुरुवात झालीच होती, तर सगळंच बोलायचं तिने ठरवलं. "आरसा घासला. ते मी नाही केलं."

"ते तू नाही केलंस," बाबा म्हणाले. "वय झालंय. डॉक्टरांना दाखवतो. या आठवड्यात. पण आत मी एकटा जाणार. ते काय म्हणाले ते मी येऊन सांगेन, आहे तसं. गाडी सोडा म्हणाले तर सोडेन. ते डॉक्टरांनी सांगायचं. तुझ्या बाटलीने नाही."

"बरं."

"आणि आईला तू सांग. सगळं. मी सांगितलं तर तिला पंख्याचा आवाज वाटेल."

लेकीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नीट काहीच झालं नाही. तिने गॅरेजवालीला फोन लावला. गाडी विकायची नाही, जास्तीचं तेल काढून टाका, नवा डबा बसवा, असं सांगितलं. पलीकडून गॅरेजवाली म्हणाली, "ताई, ते तेल तुम्ही ओतत होतात की काय?" लेक म्हणाली, "हो." गॅरेजवाली थोडं थांबली आणि म्हणाली, "बरं झालं बोललात. तुम्ही गेल्यापासून मी काकांचाच विचार करत होते."

तिने फोन ठेवला. उठून पुन्हा दारापाशी जावंसं वाटत होतं. डॉक्टर काय म्हणतील? चांगलं म्हणाले तर आणि वाईट म्हणाले तर? तिने हात मांड्यांखाली दाबून धरले.

बाबांनी एक पाकीट उलगडलं. आतून एक बायकी मनगटी घड्याळ निघालं, पट्टा तुटलेलं. दुसऱ्या पाकिटातून भिंग काढून त्यांनी डोळ्याला लावलं. घड्याळाचं पाठचं झाकण उघडलं. चिमटा हातात घेतला आणि तसाच थोडा वेळ अधांतरी धरला. लेक चिमट्याच्या टोकाकडे बघत होती, आणि ती बघतेय हे बाबांना कळत होतं.

"सरक जरा," ते म्हणाले. "उजेड अडवतेस."

ती स्टूल मागे ओढून भिंतीला टेकून बसली, आणि ते खाली वाकले.