पुलाच्या तोंडाशी पांढरी गाडी

"काढ ती गाडी तिथून, टॅनर! परत त्या पुलाशी लावलीस ना, तर मी स्वतः धोंडा घालीन तिच्या काचेवर!"

"घाल ना. हात बघ तुझे, कसे थरथरतायत. धोंडा उचलेल तरी का?"

डार्लानं शिवी दिली, पण तीही अर्धीच तोंडातून निघाली. भर नोव्हेंबरात अंगात नुसता टीशर्ट घालून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि स्वतःचेच दंड चोळत होती. टॅनर टेबलाशी बसून मक्याचा ब्रेड बीन्समध्ये कुस्करत होता. बहिणीकडे मान वर करून बघायचंसुद्धा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. बघितलं की राग पातळ व्हायचा.

"ड्वाईटला वाटतंय त्या गाडीत खरे पोलीस असतात," ती म्हणाली. "ज्या दिवशी त्याला कळेल ना, ती गाडी कुणाची..."

"काय करेल? तुला माल द्यायचं बंद करेल?"

"तुला काही म्हणजे काही कळत नाही, गाढवा."

"मला एवढंच कळतं, की तुला मिळत नाहीय म्हणून तू अंगावर येतेयस."

 तिनं खुंटीवरचं हाताला लागलं ते जाकीट ओढलं आणि दार आपटून गेली. आई सिंकपाशी पाठमोरी उभी होती. एकच बशी केव्हाची धूत होती.

"लाव तू," ती नळाशी बोलल्यासारखी म्हणाली. "तिथंच लाव."

गाडी आधी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, खात्याची. खात्याला नव्या मिळाल्या, तशा जुन्या लिलावात निघाल्या. टॅनरनं शाळा सोडून टायरच्या दुकानात काम धरलं होतं. व्हर्लिनमामा, म्हणजे त्याच्या आईचा भाऊ, त्याला हाताला धरून लिलावाला घेऊन गेला होता. मामानं बॉनेट उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "मीटरवरचे मैल बघू नको. पोलिसाची गाडी पळते कमी, उभी जास्त. इंजिन चालू ठेवून रात्ररात्र उभी. ही बया उभ्या उभ्या म्हातारी झालीय."

तरी पोराचा जीव जडला तो जडलाच. लांबलचक, पांढरी, चार दरवाजांची. वायरलेस काढून नेलेला, त्या जागी डॅशबोर्डला भोकं. मागची सीट कडक प्लास्टिकची, धुवायला सोपी. ती का धुवायला लागते ते विचारायचं नाही. मागचे दरवाजे आतून उघडायचेच नाहीत. दरवाजावरची अक्षरं खरवडून काढलेली, पण उन्हानं बाकीचा रंग उडालेला आणि अक्षरांखालचा तसाच राहिलेला, त्यामुळे तिरकं बघितलं की खात्याचं नाव जसंच्या तसं वाचता यायचं. आणि ड्रायव्हरच्या बाजूला तो दिवा. आतून मूठ फिरवली की झोत हवा तिकडे वळायचा.

पहिल्याच महिन्यात इंजिनावरच्या प्लास्टिकच्या भागाला चीर गेली. इंजिन गार ठेवणारं कूलंट गळायला लागलं, गाडीत गोडसर वास. मामा आणि तो अंगणात ताडपत्री टाकून दोन रविवार खपले. बोटांची सालटी निघाली, पण भाग बदलला. मग ब्रेक, मग मागचे शॉक ॲब्सॉर्बर, मग खिडकीची मोटर. दुरुस्त होण्यासारखं एवढं एकच काहीतरी त्या घरात होतं, त्यामुळे त्याला कंटाळा यायचा नाही.

आणि रस्त्यावरची मजा वेगळीच. पुढचे सगळे धडाधड ब्रेक मारायचे. बायका घाईनं पट्टा ओढायच्या. शाळेत ज्यांनी त्याला कधी हिंग लावून विचारलं नव्हतं ते फोन खाली टाकून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे.

पुलाचं त्याला योगायोगानंच कळलं. जुन्या रेल्वेरुळांच्या पलीकडे एक घर होतं, आणि तिथं गाडीनं जायला ओढ्यावरचा एकच अरुंद पूल. बाहेरगावाहून आलेल्या ड्वाईटनं ते घर भाड्यानं घेतलेलं. तो कसली नशा विकतो हे पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना माहीत. एक दिवस गाडी तापली म्हणून टॅनर पुलाच्या तोंडाशी थांबला. तेवढ्यात एक गाडी आली, थबकली आणि मागच्या मागे फिरली. मग दुसरी. तिसऱ्यानं तर पत्र्याची पेटी वाजल्यासारखा आवाज करत ओढ्याकाठच्या खड्ड्यातून पळ काढला.

त्या दिवसापासून दुकान सुटलं की तो तिथं. खोऱ्यातले लोक कौतुक करायला लागले. चर्चमधल्या एका बाईनं त्याला घरी भाजलेला ॲपल-पाय आणून दिला. आई डब्यात दोन सँडविचं जास्त भरायची. फक्त मामानं खोडा घातला.

"बुजगावण्याला भिऊन पाखरू उपाशी मरत नाही, पोरा. ते दुसऱ्या बाजूनं शेतात शिरतं."

"मग मी काय करू? हातावर हात ठेवून बसू?"

"बहिणीशेजारी बस."

"तुम्ही बसा! तुमचे पैसे नाही चोरत ती."

 मामा टोपी उचलून गेला.

तर त्या दिवशी, सकाळचं भांडण डोक्यात तसंच घेऊन, टॅनर दुपारीच पुलाशी आला. सावलीत दहिवर अजून पांढरं होतं. त्यानं इंजिन चालू ठेवलं, हीटर लावला. घर समोरच. थोड्या वेळानं पडदा हलला. मग परत हलला. मग दार उघडून एक हडकुळी बाई बाहेर आली, पायात गुलाबी सपाता. ती ड्वाईटची बाई, मिस्टी. पायरीवर उभी राहून गाडीकडे बघायला लागली.

टॅनरनं मूठ फिरवली आणि दिव्याचा झोत सरळ तिच्या तोंडावर मारला. दिवसाउजेडी तो कसला दिसतोय, पण खिडकीच्या काचेवर लखकन चमकला. बाई आत पळाली. टॅनर एकटाच हसला. सँडविच काढलं.

ती परत आली, परत त्यानं दिवा मारला, परत ती आत. नंतर घरामागून कुणीतरी रुळांच्या दिशेनं धावत गेल्यासारखं वाटलं. पळा लेको, तो मनात म्हणाला. सँडविच संपलं. हात पुसले.

मग दार धाडकन उघडलं आणि मिस्टी दोन्ही हात वर करून धावत आली. एक सपात वाटेतच पडली.

"साहेब, गोळी नका घालू! हातात काही नाही माझ्या! बघा, काही नाही!"

टॅनरनं काच खाली केली. बाईनं त्याचा मुरुमांनी भरलेला चेहरा बघितला, टायरच्या दुकानाचा काळाकुट्ट शर्ट बघितला. तिचे हात हळूहळू खाली आले.

"तू पोलीस नाहीस."

"नाही."

"मग कोण मेला तू? रोज रोज इथं... अरे देवा. ते जाऊ दे. आत ये. एक पोरगी निळी पडलीय. चल ना रे!"

पोरगी म्हटल्यावर त्याला डार्ला आठवली नाही. आठवणार कशी? पूल ओलांडून कुणीच गेलं नव्हतं, तो स्वतः पहारा देत होता. आतल्या खोलीत फरशीवर आधी त्याला स्वतःचं जाकीट दिसलं, आणि मग त्या जाकिटातून आलेला हात. बुटांना रुळांवरची काळी खडी चिकटलेली होती; पूल टाळून ती रुळांवरून चालत आली होती.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. ती हलकी होती, वयाच्या मानानं फारच हलकी. मिस्टी मागच्या सीटवर तिच्याबरोबर चढली आणि तिच्या तोंडात श्वास फुंकायला लागली. टॅनरनं गाडी अशी सोडली की पुलाच्या फळ्या खडखडल्या. आणि लोक बाजूला झाले. ट्रक, शाळेची बस, सगळे कडेला. त्या गाडीला वाट मिळत होती.

"नशा उतरवायचा तो नाकात मारायचा फवारा नव्हता तुमच्याकडे?" तो ओरडला.

"एकच होता. तो मारला." फुंकर. "दुसरा आणायला निघाले, तर तू दिवा मारलास." फुंकर. "परत बाहेर आले, परत मारलास."

"फोन करायचा!"

"कुणाला? पोलिसांना? पोलीस दारात बसले होते ना!" ती रडत होती आणि फुंकत होती. "ड्वाईट सगळा माल संडासात ओतत बसला. म्हणाला, ओतून होईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. मग पळाला भडवा मागच्या दारानं."

इस्पितळात नर्सनं पहिलं तेच विचारलं. "श्वास केव्हापासून बंद आहे?"

मिस्टीनं टॅनरकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "हा पुलाशी येऊन थांबला तेव्हा चालू होता. मंद, पण चालू."

ते आत घेऊन गेले. बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मिस्टीचा सपात नसलेला पाय लाल झाला होता, ती तो दुसऱ्या पायावर घासत होती.

"तुझी कोण ती?"

"बहीण."

तिनं पाय घासायचा थांबवला. "गेले कित्येक दिवस ड्वाईट सगळ्यांना विचारत होता, त्या गाडीत कोण असतं, कुणी बघितलंय का. डार्लालाही विचारलं. ती म्हणाली, पोलीसच आहेत, मी जवळून बघितलंय, बिल्ला होता. ठासून सांगितलं पोरीनं."

"का?"

"का म्हणजे? त्याच्याकडे बंदूक असते ना सोफ्याखाली."

टॅनरला काहीतरी फोडावंसं वाटलं. समोर फक्त कॉफीचं मशीन होतं. त्यानं मुठी आवळल्या, पण हात उचललेच नाहीत.

डॉक्टरीणबाई आल्या त्या हातमोजे काढतच. तरुण होत्या, दमलेल्या. म्हणाल्या, हृदय चालू केलंय, श्वास मशीन देतंय. पण मेंदूला फार वेळ ऑक्सिजन मिळाला नाही. ती उठणार नाही. स्पष्ट सांगते, उगाच आशा लावून ठेवत नाही.

"किती वेळ?" टॅनरनं विचारलं. "म्हणजे, थोडं आधी आणली असती तर?"

 बाई त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाल्या, "घरात मोठं कोण आहे? त्यांना घेऊन या. मशीन ठेवायचं की काढायचं, ते त्यांच्याशी बोलावं लागेल."

आई म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाकाला होती. कामाची पाळी सुटली की ती फाटकाशी उभी राहायची आणि पांढरी गाडी वळणावर दिसली की लांबूनच हात करायची.

"तू बस जरा," मिस्टी म्हणाली. "तोंड बघ तुझं, पांढरंफटक पडलंय. फोन करून सांग त्यांना."

"फोनवर काय सांगू?"

"मग मी येते बरोबर."

"नको," तो उठला. किल्ली हातातच होती, तळव्यात रुतलेली. "ती फाटकाशी उभी असेल. मला निघायला हवं."