ओडेलची गिटार मीच

मित्रांनो, मी एक जुनी, विजेवर वाजणारी गिटार आहे. जन्म शिकागोच्या कारखान्यातला. मिसिसिपीत मी टपालाने आले आणि ओडेल गेंट्रीने मला मांडीवर घेतलं. आठवडाभर तो कापूस वेचायचा. शनिवारी मात्र इस्त्रीचा तपकिरी सूट घालून मला नाचाच्या अड्ड्यावर न्यायचा. शेतातल्या कपड्यांत आलेल्याला तिथे दारातूनच परत पाठवत. मी वाजू लागले की लाकडी जमीन हादरायची. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे विलायतेहून निकी हा नामांकित रॉक गायक आला. ओडेलच्या गाण्यांच्या तबकड्या ऐकूनच तो शिकला होता. त्याने ओडेलला न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाचं बोलावणं दिलं. ओडेलची बायको विनी लगेच त्याचा तपकिरी सूट कपाटातून काढून बसली.

निकी संकोचत म्हणाला, "काका, सूट नको. शेतातले कपडे घाला, आणि साधी लाकडी गिटार घ्या. लोकांना खरं खेडं बघायचंय."

"ते कपडे अंगावरून उतरावेत म्हणूनच तर गायला लागलो, बाबा," ओडेल म्हणाला.

विनी म्हणाली, "एवढे आवडतात तर तूच घाल की."

शेवटी तडजोड झाली. पहिलं गाणं निकीच्या मनासारखं, दुसरं सुटात, माझ्यासोबत. आपला खरा आवाज एकदा तरी मोठ्या सभागृहात घुमावा, एवढीच ओडेलची इच्छा होती. कार्यक्रमाच्या रात्री निकीने कुणाकडून तरी उसनी आणलेली लाकडी गिटार त्याच्या हाती दिली. वीस वर्षांत त्याने तसल्या गिटारीला हात लावला नव्हता. बोटं अडखळली. लोकांना तेही अस्सल वाटलं. टाळ्या थांबेनात.

मग ओडेल सूट चढवून मला घ्यायला वळला, तर निकी स्वतःची विजेची गिटार घेऊन मंचावर पोचला होता. दुसरं गाणं त्यानेच गायलं. ओडेलचंच गाणं. ओडेल पडद्याआड उभा राहून ऐकत होता आणि मी पेटीत बंद होते.

पुढे ओडेल हे जग सोडून गेला तेव्हा विनीने त्याला तोच सूट घातला. वर्तमानपत्रात मात्र फोटो आला शेतातल्या कपड्यांतला.

आज ती उसनी आणलेली लाकडी गिटार संग्रहालयात काचेत आहे. खाली लिहिलंय, 'ओडेल गेंट्रीची गिटार'. मी विनीच्या पलंगाखाली आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखाद्याची आठवण जपायची असेल, तर तो जिवंत असताना त्याला विचारा, तुला काय वाजवायचंय? ओडेलला ते कुणीच विचारलं नाही.