फियाटची खंडेनवमी

नवरात्राचे नऊ दिवस मी दोन नेम पाळते. खोटं बोलायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही. दुसऱ्या नेमाचे फारसे कष्ट पडत नाहीत, कारण माझा आवाज मुळातच इतका बारीक की भाजीवाला दरवेळी दोनदा विचारतो. दसऱ्याला पारणं केलं की नेम सुटतात. यंदा मात्र पारण्याच्या आधीच ते दोन्ही एकमेकांच्या आड आले, आणि तेही सासऱ्यांच्या फियाटपायी.

कोपरखैरण्याचं आमचं शेत शहरासाठी गेलं, त्या वर्षी सासऱ्यांनी ही गाडी घेतली. त्याच शेतावर आता आमची सोसायटी उभी आहे. जिथे भात झोडपायचे तिथे पार्किंग झालं आणि तिथे ही गाडी सासरे गेल्यापासून दोन वर्षं नुसती उभी होती. शेवटी सेक्रेटरी सुधीरने नोटीस लावली. दसऱ्याच्या दुपारी बारापर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटपर्यंत आली नाही, तर भंगारवाल्याला बोलावणार. आमचे हे, म्हणजे कमळाकर, नोटीस वाचून दोन दिवस धड जेवले नाहीत. गाडीत अजून सासऱ्यांच्या विडीचा वास आहे. हे रोज संध्याकाळी उगाच आत बसून येतात.

खंडेनवमीला संध्याकाळी पाच वाजता गाडी एका झटक्यात चालू झाली. तिथे थांबायला हवं होतं. पण यांना तिला आणखी छान करायची होती. बोनेट उघडून पॉइंट साफ करत बसले आणि मग हात धुवायला वर आले. तेवढ्यात मी पूजेचं ताट घेऊन खाली गेले.

खंडेनवमीला मी घरातलं एकही यंत्र सोडत नाही. विळी, नट आवळायचे पाने, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांना हळदकुंकू. गाडीत तर काय, बोनेट उघडंच होतं. बॅटरीला लावलं, रेडिएटरला लावलं. मग दिसली एक काळी गोल डबी. झाकण चार वायरींसकट बाजूला लोंबत होतं आणि आत मधोमध जणू एक एवढीशी मूर्तीच, डोक्यावर पितळेची पट्टी. इतकी देवासारखी जागा मी आजवर कुठल्या यंत्रात पाहिली नव्हती. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पाच अक्षता वाहिल्या. देव उघडा ठेवू नये म्हणून झाकण बसवून दोन्ही क्लिपा लावल्या आणि हात जोडले. यांनी नंतर येऊन बोनेट तेवढं पाडलं, झाकण आपणच लावलं असं समजून.

दसऱ्याला सकाळी दहा वाजता यांनी चावी फिरवली. खर्र, खर्र, खर्र. पुढे काही नाही.

तळमजल्यावरचे धम्मपाल भाऊ न्हावा शेव्याला क्रेनच्या वर्कशॉपात तीस वर्षं होते. यांनी त्यांना हाक मारली. ते आले ते पांढरेशुभ्र कपडे घालून, कारण त्यांना साडेबाराला विहारात जायचं होतं. त्यांच्या बायकोने, संघमित्रावहिनींनी, खिडकीतून बजावलं की एक डाग दिसला तर घरात घेणार नाही. म्हणून भाऊंनी प्लास्टिकची खुर्ची मागवली, गाडीपासून चार हात लांब मांडली आणि तिथून इलाज सुरू केला.

त्यांचं म्हणणं, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. त्यांनी बोट दाखवायचं, यांनी हात काळे करायचे. नळी काढली, बाटलीत पेट्रोल आलं. फिल्टर झटकला, त्यातून एक झुरळ निघालं आणि भाऊंनी खुर्ची सहा हातांवर नेली. मग प्लगची वायर लोखंडाजवळ धरून चावी फिरवली. ठिणगी नाही.

"पॉइंट बघ," भाऊ म्हणाले.

"पॉइंट सोरून बोल," हे म्हणाले. "ते काल मीनी सोताच्या हातान साफ केलेत."

भाऊंनी मान हलवली. सुधीर घड्याळ बघत उभा होता. त्याला भाऊ समजावून सांगू लागले, की पॉइंट म्हणजे काळ्या डबीतले दोन इवलेसे पत्रे. ते टेकतात नि सुटतात, म्हणून ठिणगी पडते. मध्ये फट हवी ती पोस्टकार्डाएवढी आणि कचरा कणभरही चालत नाही.

काळी डबी म्हटल्यावर मला कालची पूजा आठवली. मी अक्षतांना अख्खा कोलम तांदूळ घेते, आणि तोही निवडून.

एव्हाना पावणेबारा झाले होते. हे म्हणाले, कॉइल गेली. आणायला तुर्भ्याला जायला हवं, पण आज दसरा, दुकानं बंद. म्हणून ते चावी फिरवतच राहिले. मी शेजारी जाऊन सांगितलं. खर्र, खर्र. पुन्हा सांगितलं. खर्र, खर्र. आवाज चढवायचा नव्हता आणि गप्प बसणं खोटं बोलण्यासारखंच होतं. मी खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला. दाबूनच धरला.

यांनी चावी सोडली. विहाराला निघालेली माणसंसुद्धा थांबली.

"त्या डबीत मी पूजा केली आहे," मी म्हणाले. "पाच अक्षता आहेत."

यांनी झाकण काढलं. भाऊ पहिल्यांदाच खुर्ची सोडून जवळ आले. आत सगळं लाल-पिवळं झालं होतं. मूर्तीच्या पायाशी चार दाणे पडले होते, आणि पाचवा बरोबर पॉइंटांच्या फटीत आडवा, जसा काही मापून बसवलेला.

"वहिनी, पिन द्या."

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, पण दिली नाही. विसर्जन केल्याशिवाय वाहिलेली अक्षत हलवायची कशी? तसं भाऊंना सांगितलं. त्यांनी विचारलं, विसर्जनाला काय लागतं. मी म्हटलं, अक्षता.

भाऊंनी दोन्ही हात पसरून डबी झाकली.

"बाहेरून, वहिनी. बाहेरून."

मग मी बोनेटवर अक्षता टाकल्या, पुन्हा या म्हटलं, आणि पिन दिली. पाचही दाणे निघाले, ब्रशने कुंकू निघालं. बाराला चार मिनिटं कमी असताना गाडी एका झटक्यात चालू झाली. हे तिला गेटपर्यंत घेऊन गेले आणि गेटावरच ब्रेक दाबून हमसाहमशी रडले. सुधीरने नोटीस काढून टाकली आणि मागे येऊन बसला. त्याला चक्कर मारायची होती. भाऊंच्या सदऱ्याला दोन्ही बाह्यांपर्यंत कुंकू लागलं होतं. त्यांना आम्ही विहारापर्यंत सोडलं, कारण घरात तर आता संघमित्रावहिनी घेणार नव्हत्या.

येताना हे म्हणाले, "तांदूल निवरून कशाला घेतेस गो? कनी टाकली असतीस तं चालू झाली असती." मग विचारू लागले, "पुढच्या खंडेनवमीला बोनेट बंद ठेवूनच पूजा करशील ना?"

माझं पारणं अजून व्हायचं होतं. "आधी पारणं करू द्या," मी म्हटलं, "मग हो म्हणेन."